तुम्ही न खाल्लेला मासा

कुमुदताई,

तुम्हाला जाऊन तीन आठवडे झाले. मंडळातून मला तिसऱ्यांदा मेसेज आलाय, स्मरणिकेसाठी तुमच्यावर एक पान लिहून दे म्हणून. जन्मगाव, नर्सिंगची वर्षं, कोणकोणत्या कमिट्यांवर होतात, आणि एक चांगला फोटो. ते कुणीही लिहील. मी लॅपटॉप उघडून बसते आणि दर वेळी पहिलं वाक्य एकच येतं, की मासा मी नेला होता. स्मरणिकेत हे वाक्य चालायचं नाही. म्हणून ते पान राहू दे, आधी तुम्हाला लिहिते.

तुम्ही म्हणाल, हे मला काय सांगतेस, मला माहीतच होतं. हो, होतं. पण त्यातलं खरं ते मी माझ्या तोंडानं कधी म्हटलं नाही. साडेतीन वर्षांत एकदासुद्धा नाही. तुम्ही वाट बघत होतात हेही मला कळत होतं आणि तरी मी तुमच्यासमोर बसून खुशाल चहा पीत होते. काय म्हणावं अशा बाईला.

आपली ओळख झाली तेव्हा मला कॉव्हेंट्रीत येऊन आठ महिने झाले होते. निखिल सकाळी ऑफिसला जायचा आणि मी खिडकीत बसून समोरच्यांच्या कचऱ्याच्या व्हीली बिन मोजायचे. फोनवर आईला सगळं छान आहे म्हणायचे आणि फोन ठेवला की दिवसभर कुणाशी बोलायला नसायचं. मंडळाचा गणपती उठला त्या दिवशी सगळे ताटं, वाट्या, उरलेला प्रसाद आवरत होते, आणि तुम्ही एकट्या मखरातली मोरपिसं एकेक काढून वर्तमानपत्रात गुंडाळत होतात. मला वाटलं, म्हातारीला कसला तरी नाद आहे. विचारलं तर म्हणालात, माश्या बांधायला लागतात. मला ओ की ठो कळलं नाही. तुम्ही मला वरपासून खालपर्यंत बघितलंत आणि म्हणालात, रविवारी सकाळी सहाला तयार राहा, दोन जोड मोजे घाल. येतेस का, असं काही विचारलं नाहीत.

तासभर गाडी चालवून तुम्ही मला कॉट्सवोल्डच्या बाजूच्या त्या नदीवर नेलंत. मला वाटलं होतं, नदी म्हणजे नदी असेल. ही तर आमच्या देवगडच्या व्हाळाएवढी. कडेला विलोची झाडं, तळाचे दगड दिसतील असं पाणी, आणि शेतातून जाणाऱ्या पायवाटेवर एक लाकडी पूल. तुम्ही दगडावर बसलात, मलाही बसवलंत आणि अर्धा तास काही केलंच नाहीत. मी चुळबुळ करायला लागले तेव्हा म्हणालात, आधी नुसतं बघायचं. मग मला दिसायला लागलं. पाण्यावर बारीक माश्या उतरत होत्या, मधूनच कुठेतरी गोल उठत होता, आणि त्या गोलाखाली मासा होता. इतका वेळ तो तिथेच होता आणि मी त्याच्याकडे बघतच होते, पण दिसला आत्ता. त्या दिवशी परत येताना गाडीत मी एक मिनिट गप्प बसले नाही, आठवतं? शेवटी तुम्ही म्हणालात, अगं श्वास तरी घे.

तुमचा हा छंद मला शेवटपर्यंत पुरता पटला नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. गळाला गांडूळ नाही, कणकेची गोळी नाही. दोरा आणि पिसं घेऊन खोटी माशी बांधायची, ती पाण्यावर अशी अलगद टाकायची की ट्राउट माशाला वाटावं खरीच येऊन बसली. गळाचा उलटा काटासुद्धा पकडीनं दाबून टाकायचा, म्हणजे माशाला इजा नको. आणि एवढा खटाटोप करून मासा लागला की त्याला सोडवून परत पाण्यात. वर तुम्ही जन्माच्या शाकाहारी! तुमच्या किचनच्या टेबलावर सशाची लव, फेझंटची शेपटी, बदकाचे पंख पसरलेले, आणि त्याच टेबलावर मला थालीपीठ वाढताना विचारायचात, त्यात अंडं नाही ना त्या ब्रेडमध्ये, लेबल वाचलंस ना. मी म्हणायचे, ताई, माशाला पानावर बसवता आणि घास तोंडाशी गेला की उठवता, यापेक्षा आम्ही बरे. आम्ही निदान खातो. तुम्ही म्हणायचात, मी त्याला भेटते आणि जाऊ देते. मी म्हणायचे, भेटायला गळ कशाला लागतो? तुम्ही हसायचात आणि म्हणायचात, याचं उत्तर पुढच्या रविवारी. ते उत्तर तुम्ही मला दिलंच नाहीत.

पण सोडणं मात्र तुम्ही मला नीट शिकवलंत. हात आधी ओले करायचे. माशाला प्रवाहाकडे तोंड करून धरायचं, पोटाखाली हात नुसता आधाराला. तो दमलेला असतो. आपल्याला घाई असते, आणि आपण ढकलतो. तुम्ही माझा हात पाण्यातच धरून ठेवायचात आणि म्हणायचात, "आपणहून जाऊ दे त्याला. तो गेला की मग हात काढ." पाणी एवढं गार असायचं की बोटं बधिर व्हायची. मग एकदम तळहातावरून ते वजन निघून जायचं. चार सीझन मी ते केलं, आणि त्या चार सीझननी मला या देशात उभं केलं. शाळेत टीचिंग असिस्टंटची नोकरी मिळाली ती त्यानंतर. माणसात आले ती तुमच्यामुळे. हे मी तुम्हाला अनेकदा म्हटलंय. जे म्हणायचं होतं ते सोडून बाकी सगळं म्हटलंय मी.

त्या रविवारी नारळी पौर्णिमा होती. सकाळी आईचा व्हिडिओ कॉल आला होता. जेट्टीवर गर्दी, होड्यांना नवा रंग, समुद्रात नारळ, आणि आई म्हणाली, चला, आता ताजं म्हावरं सुरू होईल. मी तेव्हा साडेचार वर्षं सुपरमार्केटमधले मासे खात होते. बिनडोक्याचे, बिनकाट्याचे, प्लास्टिकखाली झोपवलेले. तुम्ही वरच्या वळणावर गेला होतात. पुलाच्या खाली मला एक लागला. चांगला दीड पौंडाचा असेल, अंगावर लाल ठिपके, पोट लोण्यासारखं पिवळसर. तुम्हाला आणि निखिलला मी जे सांगितलं ते असं, की गळ खोल गेला होता, रक्त आलं होतं, मासा उलटा होत होता, मरणारच होता. मेलेलं अन्न टाकून कशाला द्यायचं?

आता खरं सांगते. गळ ओठाला लागला होता. एका बोटानं सुटला. मासा धडधाकट होता. मी त्याला पाण्यात धरलं, प्रवाहाकडे तोंड करून, तुम्ही शिकवलंत तसं. मग वर उचललं. कल्ले उघडत होते, मिटत होते, आणि मी बघत उभी राहिले. मला माहीत होतं मी काय करतेय. मला तो खायचा होता, ताई. घरची इतकी आठवण येत होती की मला काहीतरी मारावंसंच वाटलं. हे मी निखिललाही सांगितलेलं नाही.

पुढचं तर आणखी शोभेचं. आमच्याकडे मासा पाण्यावरच साफ करतात, घरात घाण कशाला. हात आपोआप तसे चालले. सुरी हवी म्हणून तुमच्या पिशवीतली सफरचंदाची सुरी काढली. तुमची सुरी! तुम्ही ती मंडळाच्या किचनमध्येसुद्धा दुसऱ्या कुणाला वापरू द्यायचा नाहीत. त्या चपट्या दगडावर बसून मी खवलं काढली, पोट चिरलं, आणि आतडी तिथेच ठेवली, पक्ष्यांसाठी. देवगडला कावळे आणि घारी वाट बघत असतात. इथे कुणी आलं नाही. सुरी धुऊन मिटली, जागेवर ठेवली, मासा पिशवीत गुंडाळून माझ्या सॅकच्या तळाशी.

परतताना तुम्ही नेहमीसारखी रस्त्याकडेच्या त्या ले-बायला गाडी थांबवलीत आणि सफरचंद काढलंत. सुरी उघडलीत. पात्याच्या बुडाशी एक खवल चिकटलेलं होतं, पारदर्शक, नखाएवढं. ते तुम्हाला दिसलं, आणि तुम्हाला दिसलेलं मला दिसलं. तुम्ही टिशूनं पातं पुसलंत, टिशूची घडी केलीत, खिशात ठेवलीत. मग सफरचंद तसंच, न कापता, मला दिलंत. म्हणालात, तू खा, मला आज भूक नाही. आणि मी खाल्लं. तुमच्या शेजारी बसून, पायाशी मासा ठेवून, अख्खं सफरचंद खाल्लं.

घरी जाऊन तिरफळं घालून आमटी केली, डोक्यासकट. बांगड्याची सर नाही, पण खोटं बोलत नाही, फार चांगली झाली होती. निखिलनं बोटं चाटली. मी डोकं चोखून खाल्लं आणि रडले.

बुधवारी तुम्ही आलात. नदीची राखण करणाऱ्या माणसाला दगडावरची आतडी सापडली होती, आणि त्या रविवारी तुमच्या फिशिंग क्लबच्या नदीकाठच्या हटमधल्या वहीत दोनच नावं होती, तुमचं आणि तुमची गेस्ट म्हणून माझं. क्लबचे सेक्रेटरी ब्रायन यांची ईमेल तुम्ही मला दाखवलीत. त्या गेटवरची पाटी आपण दर रविवारी वाचायचो: इथला मासा नेणं ही चोरी आहे, पोलिसांना कळवलं जाईल. आणि माझ्या टेबलावर तेव्हा काय पसरलं होतं? आमचे परमनंट रेसिडेन्सीचे फॉर्म. पाच वर्षांच्या पगाराच्या स्लिपा, प्रवासाच्या तारखा, आणि तो प्रश्न, तुमच्या चारित्र्याबद्दल काही सांगण्यासारखं आहे का. त्यात माझी शाळेची नोकरी, तिथे पोलिसांकडचं रेकॉर्ड दर वेळी तपासतात. मी तुम्हाला तो मरतच होता वगैरे सांगून टाकलं. आमचं सगळं जाईल ताई, एवढंच मी परत परत म्हणत होते. एका माशापायी परत पाठवतील आम्हाला. आज वाटतं, असं काही झालंही नसतं. पण या फॉर्मांच्या भीतीत जे राहिलेत त्यांनाच ती कळेल. तुम्ही ती ओळखलीत. माझी कागदपत्रं एकाखाली एक नीट लावलीत आणि म्हणालात, "फॉर्म भर. बाकीचं मी बघते."

पुढच्या रविवारी कमिटीनं तुम्हाला हटवर बोलावलं. मी गाडीत बसून राहिले. आत यायची माझी तयारी नव्हती आणि तुम्ही चल म्हणालाही नाहीत. वीस मिनिटांनी आलात, सीट बेल्ट लावलात.

"झालं," म्हणालात.

"काय सांगितलंत?"

"मी नेला म्हटलं. आणि खाल्ला."

"तुम्ही? आणि त्यांनी ऐकून घेतलं?"

"एकोणीस वर्षांत मी तिथे कधी खोटं बोलले नव्हते," तुम्ही म्हणालात आणि गाडी सुरू केलीत.

तुमचं सभासदत्व गेलं. गेटची किल्ली तुम्ही तिथेच ठेवून आलात. मी रडत होते, थँक यू थँक यू म्हणत होते, आणि तुम्ही आरशात बघून रिव्हर्स घेत होतात. तुम्ही चिडला असतात तर बरं झालं असतं.

मी ठरवलं होतं, पेपर आले की क्लबात जाऊन सांगायचं. जानेवारीत पेपर आले. मग म्हटलं, आता वर्षभरात सिटिझनशिपचा अर्ज करायचाय, त्यातही तोच प्रश्न आहे. अर्ज केला. सेरेमनीला तुम्ही आलात, निळी साडी आणि वर कार्डिगन, पहिल्या रांगेत बसलात, आणि आम्ही शपथ घेताना सगळ्यात आधी टाळी तुम्ही वाजवलीत. बाहेर पायऱ्यांवर माझ्या गालाला हात लावलात आणि म्हणालात, आता तुला कुणी हलवू शकत नाही. मला समजलं तुम्ही काय म्हणताय. त्या दिवसानंतर माझ्याकडे एकही सबब उरली नाही. आणि मी तरीही गेले नाही. भीती संपली होती, लाज उरली होती, आणि लाजेला कुठल्या ऑफिसात अर्ज करायचा ते मला माहीत नव्हतं.

आणि तुम्ही नदी सोडली नाहीत. दुसऱ्या क्लबात या म्हणून दोघातिघांनी सांगितलं तर म्हणालात, आता या वयात नव्या नदीची ओळख कोण करून घेतंय. रविवारी मला घेऊन त्या पायवाटेनं चालायचात. पायवाट सगळ्यांची आहे, ती कुणाला काढून घेता येत नाही. पुलावर कठड्याला टेकून उभ्या राहायचात आणि बोट करायचात, तो बघ, डावीकडे, दगडाच्या मागे, शेपूट हलतेय. हातात रॉड नाही, काही नाही. ब्रायन खालून जाताना दिसले की टोपी उचलायचे. तुम्हाला उचलायचे आणि मग क्षणभर माझ्याकडे बघायचे. मी माझ्या बुटांकडे बघायचे. घरी तुम्ही माश्या बांधतच होतात. दर गणपतीला मोरपिसं नेत होतात. कुणासाठी बांधताय, हे मी विचारलं नाही.

मधे एकदा तुम्ही मला त्या मेमरी क्लिनिकची गंमत सांगितलीत. तुमची लेक मीरा तुम्हाला ईलिंगहून येऊन जबरदस्तीनं तपासायला घेऊन गेली होती. पंतप्रधान कोण विचारलं, कागदावर घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. तुम्ही डॉक्टरची नक्कल केलीत आणि आपण दोघी पोट धरून हसलो. मी म्हटलं, मुलींना काळजी असते हो. तुम्ही म्हणालात, असते ना.

शेवटच्या आठवड्यात हॉस्पिसमध्ये मी रोज शाळा सुटली की यायचे. त्या गुरुवारी मीरा कॉफी आणायला खाली गेली होती. खिडकीतून दुपारचं ऊन तुमच्या पायांवर आलं होतं. तुम्ही डोळे मिटून पडला होतात, मला वाटलं झोपलात. तुम्ही माझा हात धरलात आणि विचारलंत, "काही राहिलंय का गं बोलायचं?"

अख्खं वाक्य माझ्या तोंडात आलं होतं. तीन शब्द तर होते: तो मरत नव्हता. आणि मी म्हटलं, "पार्किंगची वेळ संपतेय ताई. उद्या येते." मी हात सोडवून घेतला. तुम्ही धरून ठेवला होतात, मी सोडवून घेतला. दुसऱ्या दिवशी आले तेव्हा तुम्हाला शुद्ध नव्हती. पार्किंगला अजून चाळीस मिनिटं होती, हेही सांगून टाकते. आता काय लपवायचं.

क्रिमेटोरियमच्या बाहेर मीरा माझ्या शेजारी उभी होती. तिचं मराठी तुम्हाला माहीत आहे, पण त्या दिवशी ती हट्टानं मराठीतच बोलत होती. म्हणाली, "आईचा डोकं तेव्हापासूनच जात होता, पल्लवी. ती फिशचा गोष्ट आठवते ना?" मला समजेना. मग तिनं सगळं सांगितलं. क्लबनं तुम्हाला काढलं हे कळल्यावर ती खवळली होती. एकोणीस वर्षांनी एका इंडियन बाईला हाकलतात म्हणजे काय, मी लेटर पाठवते, मी त्यांना सोडणार नाही. ती सॉलिसिटर, तिनं खरंच सोडलं नसतं. तेव्हा तिला थांबवायला म्हणून तुम्ही सांगितलंत, त्यांची काही चूक नाही, मी खरंच मासा नेला आणि खाल्ला. जिनं आयुष्यात अंडं खाल्लं नाही ती आई मासा खाल्ला म्हणते! मीरानं दुसरा काय अर्थ काढायचा? म्हणून ते क्लिनिक. म्हणून ते घड्याळ. त्यानंतर तुम्ही चष्मा विसरलात, गॅस विसरलात, की ती फोनवर म्हणायची, आई, परत सुरू झालं का. तुम्ही तिला हो म्हणत राहिलात. तुमच्या स्वतःच्या मुलीला वाटत राहिलं की तिची आई हळूहळू जातेय, आणि तुम्ही ते वाटू दिलंत. आणि मी ते ऐकून हसले होते, पोट धरून.

तिला तिथेच सांगायला हवं होतं. मी तिला मिठी मारली आणि घरी आले. मी अशीच आहे. सोपं दार आधी ठोठावते. परक्या माणसासमोर लाज कमी वाटेल म्हणून गेल्या रविवारी मी आधी ब्रायनकडे गेले.

सीझन नुकताच उघडलाय. हटमध्ये ते एकटेच होते, लॉगबुकवर रेघा मारत बसलेले. कानाला मशीन आलंय आता. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं, त्या ऑगस्टमधला मासा मी मारला, मी नेला, तो मरत नव्हता, कुमुदनं त्याला हातही लावला नव्हता. ते म्हणाले, बस. मग म्हणाले, आम्हाला माहीत होतं. एकोणीस वर्षं ती आमच्या लंचला स्वतःचा डबा घेऊन यायची. सूप कशात उकळलंय हे किचनमध्ये जाऊन विचारायची. कमिटीत आम्ही तिघं होतो, तिघांनाही माहीत होतं.

मी विचारलं, मग काढलंत कशाला?

ते म्हणाले, ती समोर उभी राहून म्हणाली, मी नेला. मी कुमुदला खोटारडी म्हणू?

मग त्यांनी भिंतीकडे बोट केलं. तिथे एका खिळ्याला किल्ली टांगलेली होती आणि खाली पिनेनं टोचलेला एक कार्डाचा तुकडा, त्यावर तुमच्या अक्षरात तुमच्या घरचा नंबर. त्या दिवशी जाताना तुम्ही त्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतंत, "ती येईल. तिला विचारू नका, आपणहून येऊ दे. आली की मला फोन करा, मी माझा रॉड घेऊन येते."

म्हणून त्या माश्या. म्हणून दर रविवारी तो पूल. तुम्ही मला तिथे फिरायला नेत नव्हतात ताई, हटच्या दारापर्यंत नेत होतात. तिथून हट शंभर पावलांवर होती. साडेतीन वर्षं ब्रायन टोपी उचलून माझ्याकडे बघत होते ते हेच विचारत होते, आणि मी बुटांकडे बघत होते.

ब्रायननी कार्ड काढून हातात घेतलं. चष्मा काढला. म्हणाले, आता कुणाला करू फोन?

मी म्हटलं, द्या इकडे. मीरा या आठवड्यात तुमचं घर आवरतेय हे मला माहीत होतं. आदल्याच दिवशी तिनं मला मोरपिसांच्या गठ्ठ्याचा फोटो पाठवून विचारलं होतं, हे फेकू का. मी हटमधल्या फोनवरून तुमचा नंबर लावला. तुमच्या किचनमध्ये वाजत राहिला. टेबलावर तो माश्या बांधायचा छोटा शिकंजा अजून लावलेला असेल, तुमची खुर्ची थोडी मागे ओढलेली असेल, असं मला वाटत होतं, आणि एक क्षणभर, देवाशप्पथ, मला वाटलं तुम्हीच उचलाल.

मीरानं उचलला. मी तिला सगळं सांगितलं. मासा जिवंत होता हेही. तुमची सुरी, सफरचंद, माझे फॉर्म, तुम्ही हटमध्ये काय बोललात, आणि मी गाडीत बसून होते. म्हटलं, मीरा, तुझी आई काही विसरत नव्हती. तिचं डोकं शेवटपर्यंत ठिकाणावर होतं. तिनं मासा खाल्ला नाही, कधीच खाल्ला नाही.

मग ती म्हणाली, "तू हे आता सांगते?"

मी म्हटलं, हो.

"मी आईला टेस्टला नेला, पल्लवी. मी तिच्याकडून घड्याळ ड्रॉ करून घेतला."

त्यानंतर ती रडायला लागली. सॉरी म्हणायची मला लाज वाटली. ब्रायन उठून बाहेर जाऊन उभे राहिले, दारातून नदी दिसत होती. मीरा फोन ठेवत नव्हती. मी रिसीव्हर कानाला धरून तशीच उभी राहिले, ताई. हात दुखायला लागला तरी धरून राहिले. तिनं आपणहून ठेवला, तेव्हा ठेवला.